नसलेली टेकडी

तेलविहिरीतून वर आलेला दगडाचा चुरा नेकेसाने तळहातावर घेतला. खाली तेल धरून ठेवणारा वाळूचा दगड लागेल म्हणून सगळे आस लावून बसले होते. आजही चुरा काळाच निघाला.

"लाव्हाच ना?" तिने विचारलं. शेजारी उभ्या एकितेलाने होकारार्थी मान हलवली.

केनियातल्या तुर्कानाच्या या माळावर जमिनीला हादरे द्यायचे आणि परत येणाऱ्या आवाजावरून खालच्या थरांचं चित्र काढायचं, हे नेकेसाचं काम. ते चित्र खडकांशी ताडून बघायचं काम एकितेलाचं. चित्रात तेल साठावं अशी, जमिनीखालच्या थरांची झकास टेकडी उमटली, तेव्हा तो काळा दगड घेऊन तिच्या टेबलाशी आला होता. वर लाव्हाचा जाड थर आहे, त्यातून आवाज सुसाट जातो आणि लवकर परततो, म्हणून खालचा सपाट थरही उंच दिसतो, असं त्याने परोपरीने सांगितलं.

"आणि सपाट नेमकं तुझ्या आईच्या घराखालीच, नाही का रे?" नेकेसा म्हणाली होती. सगळे हसले. एकितेलाने पुन्हा तो विषय काढला नाही.

मग वस्ती उठली, बुलडोझर फिरला. आज सकाळी तिने लाव्हा हिशेबात धरून चित्र नव्याने काढलं, तर टेकडी जागेवर नव्हतीच. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एकितेला, माझं चुकलं."

"मला नको सांगूस," तो म्हणाला. "आई आलीये."

नव्या पत्र्याच्या घरातून नाकिरू उन्हातान्हाची चालत आली होती. तेल निघालं नाही, हे लेकाकडून ऐकून ती रागावली नाही. मग आता परत यायचं ना, एवढंच तिने विचारलं. उत्तराची वाट न बघता ती कुंपणाच्या आत शिरली आणि दाबून सपाट केलेल्या खडीवर खाली बघत फिरत राहिली. नवऱ्याला तिने रीतीप्रमाणे घराच्या आवारातच पुरलं होतं. वर रचलेले दगड बुलडोझरने कधीच ढिगाऱ्यात लोटले होते.

शेवटी ती नेकेसापुढे येऊन थांबली. नवऱ्याच्या थडग्यावर ठेवायला आणलेली तंबाखूची चिमूट अजून तिच्या मुठीतच होती.

"पोरी, तुझ्या यंत्राला जमिनीतलं दिसतं म्हणे," ती म्हणाली. "माझा माणूस कुठं आहे, तेवढं दाखव."