राखेचे दाणे

नद्या आटल्यापासून गाव सांडपाणीच शुद्ध करून पीत होतं. टाकीत घाण खाणाऱ्या जिवाणूंचे दाणे जड होऊन तळाशी बसले की वर स्वच्छ पाणी उरे; त्यासाठी खनिजाची भुकटी लागे. ती मिळेनाशी झाल्यावर लोक तिच्याऐवजी आपल्या मेलेल्या माणसांची राख टाकीत सोडू लागले.

तात्या खरात बायकोची राख तांब्यात घेऊन आले. "हिनं जन्मभर पाणी गाळलं. आताही गाळेल, पोरी."

टाकी सांभाळणाऱ्या हेमांगीने त्यांचा हात धरला. "नका, तात्या. राख फार झाली. राखेनंच जिवाणू मरताहेत, म्हणून पाणी बिघडतंय, म्हणून माणसं जाताहेत."

"मग हिला सोडू कुठं? नदी दाखव."

हेमांगीने हात सोडला.

राख ओतून तात्यांनी तांब्या टाकीच्याच नळाखाली विसळला आणि नातीसाठी भरून घेतला.