खाली दोर कुणाचा

दोनशे चौदा नंबरच्या मुलीला दोर धरायला घोरपडेच हवा होता.

एनसीसीच्या या कॅम्पात दहा दिवस नावं चालत नसत, छातीवर बांधलेल्या फडक्यावरचा आकडा चाले. स्वतःचं नाव सांगायचं ते फक्त कड्याखाली दोर धरणाऱ्यानं. आणि तो कोण, हे उतरणाऱ्यानं निवडायचं.

गेल्या वर्षी वरची खुंटी उखडली, घोरपडेच्या हातात नुसता सैल दोर आला आणि तोडकर नावाचा मुलगा गेला. चौकशीत घोरपडेचा काडीचाही दोष निघाला नाही, पण ते त्याला पटलं नव्हतं. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो. यानं ताकच सोडलं. कॉलेजात हजेरी द्यायलाही त्याचा आवाज फुटत नसे. आज दोर धरायला जमलं नाही तर उद्या गणवेश परत करायचा, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

"दुसरं कुणी बघ," तो तिला म्हणाला. "माझ्या हाताला घाम येतो."

"पुसा की मग, सर. थांबते मी."

पोरगी भलतीच धीट होती. नवीन आहे, हिला कुणी सांगितलेलं दिसत नाही, त्याला वाटलं. कळलं असतं तर हिनं आपल्याला दोराजवळ उभंही केलं नसतं.

त्यानं हात पुसून दोर घेतला. ती वर पोचली. खालून नावानिशी उत्तर आल्याशिवाय पाय सोडायचा नाही, असा नियम होता.

"खाली दोर कुणाचा?"

गेल्या वर्षी त्यानं खणखणीत उत्तर दिलं होतं आणि तोडकर हसत उतरायला लागला होता. आता त्याचे ओठ नुसतेच हलले.

तिनं पुन्हा विचारलं. कॅम्पावर देखरेख करणारे सुभेदारसाहेब दोर घ्यायला पुढं आले. तशी ती कड्यावर चक्क मांडी घालून बसली. दुसऱ्या कुणाच्या नावावर उतरणार नाही, असं तिनं वरूनच सांगितलं.

"दोर घोरपडेचा," तो म्हणाला. आवाज चिरकला, पण वरपर्यंत गेला.

ती सावकाश उतरली. पाय जमिनीला टेकले. घोरपडेनं दोर अजून सोडला नव्हता. तिनं छातीवरचं फडकं सोडून तोंड पुसलं. फडक्याखाली गणवेशावर नावाची पट्टी होती : तोडकर.

"आईनं बजावलं होतं, दोर तुमच्याच हातात द्यायचा," ती म्हणाली. "तो पोरगा अजून झोपत नसेल, म्हणाली."