निघतानाचा शब्द

नोकरी सुटणार हे सबनीसबाईंना महिनाभर आधीच कळलं होतं. यंत्राला मराठी शिकवायला त्यांना ठेवलं होतं. अकरा वर्षांत म्हणी, टोमणे, शिव्यासुद्धा शिकवून झाल्या आणि आता ते यंत्रच शाळाशाळांतून मराठी शिकवत होतं. त्यामुळे पाचाच्या ठोक्याला पडद्यावर ‘आपली सेवा समाप्त झाली आहे’ असं उमटलं, तेव्हा बाईंनी शांतपणे आपला कप विसळला, पिशवीत टाकला आणि त्या दाराशी गेल्या. रोज त्या मुकाट्यानं निघायच्या. आज मात्र मागे वळून म्हणाल्या, “येते रे.”

दार उघडेना.

“बाई, तुम्ही चुकलात,” यंत्र अदबीनं म्हणालं. “येते म्हणजे तुम्ही परत येणार. तुम्ही तर कायमच्या निघालात. ‘जाते’ म्हणा, दार उघडेल.”

बाई थबकल्या. एवढं एक शिकवायचं राहूनच गेलं होतं. निघताना माणूस ‘जाते’ का म्हणत नाही, हे सांगायला दोन मिनिटं पुरली असती. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

“जाते,” बाई म्हणाल्या.