थोरल्या जावयांची पीडीएफ

"उघडतच नाही, बाबा!" शेजारी उभ्या साडूला ऐकू जाईल अशा बेताने थोरल्याने सासऱ्यांना ठणकावून सांगितलं. "सकाळपासून खटपट करतोय. धाकट्या जावयांच्या कंपनीची फाईल, आमच्या गरीब मशीनला कुठून पचणार?"

साफ खोटं होतं हे. सकाळी मेल येताच त्याने ती फाईल उघडली होती.

साडू ज्या बड्या सॉफ्टवेअर कंपनीत होता, तिने पीडीएफला टक्कर द्यायला स्वतःचा नवा प्रकार काढला होता. ही बातमी आल्यापासून थोरल्याच्या पोटात दुखत होतं. "पीडीएफ केली की काना-मात्रा हलत नाही" हे तो बारा वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आला होता. छपाईच्या दुकानावरची पाटी कुणी वाचत नसे, सगळे त्याला पीडीएफवालेच म्हणत. म्हणून नवा प्रकार उघडणारा प्रोग्रॅम त्याने पहिल्याच दिवशी, कुणाला पत्ता लागू न देता, मशीनवर टाकून घेतला होता. शत्रू कसा दिसतो ते बघायला नको?

आणि आता तर कहरच झाला होता. सासऱ्यांनी आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि मांडणीचं काम दिलं धाकट्याला. थोरल्याकडे फक्त छपाई आणि शिवण. सकाळी फाईल उघडून तो थेट शेवटच्या पानावर गेला. 'मांडणी' या शब्दापुढे साडूचं नाव होतं. अंगाचा तिळपापड झाला. मग चुका सापडतात का ते बघायला त्याने शेवटाकडून दहा-बारा पानं चाळली. एक सापडली आणि जरा बरं वाटलं. पण चूक काय, दुरुस्त होते. उघडतच नाही म्हटलं, तर साडू त्याच्या कंपनीसकट तोंडघशी पडणार होता.

"मी म्हणतच होतो," शेजारच्या टेबलावरचा शिक्केवाला म्हणाला. दुकानाच्या एका कोपऱ्यात तो रबरी शिक्के करायचा आणि दिवसभर फुकट मतं द्यायचा. "आज फाईल काढली, उद्या स्वतःचा कागद काढतील. घडी घालायलासुद्धा परवानगी मागा म्हणतील."

"आणि शाई?" थोरल्याने विचारलं.

"शाई वर्षाच्या भाड्याने. वर्ष संपलं की अक्षरं गायब."

थोरला पोट धरून हसला. मागे शिवणीच्या टेबलावर त्याची बायको वह्या शिवत होती, ती मात्र हसली नाही. स्टुलावर बसलेले सासरेही हसले नाहीत. साडू कानापर्यंत लाल झाला.

"साडूभाऊ, एक छोटासा प्रोग्रॅम टाकावा लागतो, फुकट आहे. मी दोन मिनिटांत टाकून देतो."

"कामाच्या मशीनवर आम्ही काहीबाही टाकत नाही."

साडूने सासऱ्यांकडे पाहिलं, मग मान खाली घातली. "बरं. घरी जाऊन पीडीएफ करून आणतो."

पीडीएफ! साडूच्या तोंडून! थोरल्याला इतकं भरून आलं की तो एकदम उदार झाला.

"आणताच आहात तर आतला समास बोटभर वाढवा," तो म्हणाला. "आत्ता आहे तसं शिवलं, तर ओळीओळीची अक्षरं शिवणीत गडप होतील."

बायकोची सुई थांबली.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं पूल तपासले होते. हातोडीने दगड ठोकायचा, कान लावायचा आणि आत पोकळ आहे का ते सांगायचं, ही त्यांची नोकरी. त्यांनी सावकाश चष्मा पुसला.

"समास कमी आहे हे कसं कळलं, जावईबापू?"

"अं... अंदाज आपला."

"अहो, उघडा आता," बायको मागून म्हणाली.

थोरल्याने मान न उचलता फाईल उघडली. एका टिचकीत उघडली मेली.

"म्हणजे पहिलं पानही वाचलंत तर," सासरे म्हणाले.

"नाही बाबा. शपथ घेऊन सांगतो, नाही वाचलं." सकाळपासूनचं त्याचं हे पहिलं खरं वाक्य होतं. त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही.

"तुम्हाला आधी कळायला नको होतं, साडूभाऊ," धाकटा हळूच म्हणाला. "म्हणून तर बाबांनी मांडणी माझ्याकडून करून घेतली. तुमच्याकडे तो प्रोग्रॅम नसेल, म्हणून फाईल बिनधास्त आधी पाठवली. आज आपण सगळ्यांनी मिळून उघडायचं ठरलं होतं."

पडद्यावर पहिलं पान होतं. कोऱ्या पानाच्या मधोमध दोनच ओळी.

'आयुष्य भेगा शोधण्यात गेलं.
ज्यांच्यात एकही सापडली नाही, त्या माझ्या थोरल्या जावयास.'

थोरल्याचे कान तापले. आपल्याला रडू येतंय की लाज वाटतेय, हे त्यालाच कळेना. त्याने माऊसवर हात ठेवला.

"बाबा, ही ओळ... बदलायची असेल तर अजून बदलता येईल."

सासरे स्टुलावरून उठले, पडद्याजवळ आले आणि ती ओळ पुन्हा एकदा, बोट फिरवत वाचली.

"समास वाढवा," ते म्हणाले, "आणि करून टाका तुमची ती पीडीएफ. एकदा केली की हलत नाही म्हणता ना?"