मांजरीवरचा आळ

“मांजरीचंच काम हाय, दुसरं कोण करणार?” मंजुळाबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या. “आणि गवरे, पाणी मारू नगस. पाण्यानं वास आणखी पसरतो.”

गवरा, त्यांची सून, पदर खोचून माजघराच्या दाराशी उकिडवी बसली होती. ओल्या डागावर तिनं चुलीतली राख पसरली. राखेनं ओल ओढून घेतल्यावर ती सुपलीत भरली आणि खुरप्यानं भुई खरवडायला घेतली. मातीच्या भुईला वरवर पुसून भागत नाही. मुरलेली माती काढायची, नवी पांढरी माती भरायची, चोपायची आणि वरून शेणाचं सारवण. हे सारं मंजुळाबाईंनीच तिला शिकवलेलं. चिखलीत त्यांच्यासारखी भुई कुणाची नाही, असं बायका म्हणायच्या. सांडलेला दाणा वेचून तोंडात टाकावा, अशी.

आणि आता त्याच भुईला मुताचा वास! दिवस उजाडला की कुठंतरी डाग असायचाच. कधी दारापाशी, कधी कणगीच्या आडोशाला. शेजारच्या शालनबाई विरजण मागायला आल्या आणि नाकाला पदर लावून माघारी गेल्या. सारी आळी आता तोंडसुख घेणार, यात काय शंका?

भडकला तो मंजुळाबाईंचा मुलगा, बन्सी. पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागल्यापासून त्याला घरातल्या घाणीचा भारीच तिटकारा. त्यानं पिवळ्या मांजरीला पोत्यात कोंबलं, सायकलच्या मागं बांधलं आणि थेट इंद्रायणीपल्याड नेऊन सोडलं. पोतं वेशीपर्यंत ओरडत होतं. मंजुळाबाई अंगणात उभ्या होत्या. पोत्याकडं त्यांना बघवत नव्हतं.

कारण मांजर बिचारी निर्दोष होती. डाग मंजुळाबाईंचे होते.

काय करतील? अंथरुणातून उठून दार गाठेपर्यंत त्यांना धीर धरवत नव्हता. उभं आयुष्य ताठ मानेनं काढलेली बाई, आणि उतारवयात देवानं ही अवदसा आणली. पहिल्यांदा झालं तेव्हा मांजर तिथंच अंग चाटत बसलेली. मंजुळाबाईंनी तिच्याकडं बोट केलं आणि सुटल्या. आळ घ्यायला मुक्या जनावराइतकं सोयीचं कोण असतं?

लाज होतीच, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. भीती गोठ्याची. त्यांच्या सासूचंही शेवटी असंच झालं होतं. भुई खराब होते म्हणून म्हातारीचं अंथरूण बैलांच्या शेजारी नेलं. नेलं कुणी, तर मंजुळाबाईंनीच. गावात तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. घरोघरी तीच रीत. भाकरीचं ताट दारातून आत सरकवायचं, की झालं. म्हातारी आधी बोलायची थांबली, मग जेवायची. गोठ्यात माणूस कसं विझत जातं, ते मंजुळाबाईंनी जवळून पाहिलं होतं.

मांजर गेल्यावर त्यांनी दुपारनंतर पाणी पिणं सोडलं. घशाला कोरड पडायची, जीभ टाळूला चिकटायची, तरी त्या तांब्याकडं बघायच्या नाहीत. वाटलं, जमलं. पण कुठलं काय! एका सकाळी गवरा कोपऱ्यात भुई खरवडत असतानाच बन्सी अनवाणी आत आला आणि त्याचा पाय नेमका दुसऱ्या ओल्यात पडला.

“मांजर तर मी नदीपल्याड सोडली,” तो पाय झटकत म्हणाला. “मग हे कुणी केलं?”

त्यानं आईकडं बघितलं, मग बायकोकडं. संपलं सगळं, मंजुळाबाईंना वाटलं.

“माघारी आली ती,” गवरा म्हणाली. तिच्या हातातलं खुरपं थांबलंसुद्धा नाही. “पहाटं मी बघितली की. कौलावरनं पळाली.”

“लई चिवट जात राव!” बन्सी करवादला. पाय धुतले, सायकल काढली आणि कारखान्यातल्या पाळीला निघून गेला.

मंजुळाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. या पोरीला त्यांनी काय कमी छळलं होतं? मीठ जास्त पडलं म्हणून, चूल धुमसली म्हणून, माहेर गरीब म्हणून. आणि आज तिनंच झाकलं. त्यांना भरून आलं. उठावं, तिच्यावरून हात ओवाळून बोटं मोडावीत, एकदाच का होईना, बाय म्हणून हाक मारावी.

“गवरे, माझे बाय...” त्या म्हणाल्या.

गवरानं मान वर केली नाही. डाग सारवून झाला, तिनं हात धुतले, पदराला पुसले. मग मंजुळाबाईंच्या अंथरुणापाशी गेली, त्यांची गोधडी गुंडाळली आणि काखेत मारली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खुन्नस नव्हती. रोजचं काम उरकावं तशी ती दाराशी येऊन उभी राहिली आणि तिनं सासूला उठवायला हात पुढं केला.

“कुणाला कळू द्यायची न्हाई मी,” ती मायेनंच म्हणाली. “चला आत्याबाई, गोठ्यात पेंढा कालच पसरून ठेवलाय. मऊ लागंल तुमाला.”