आवळासुपारी

“कुणी केलं हे?” बाई ओरडल्या. सहलीची बस घाटात थांबली होती. सीटवर ओकले होते मी, पण माझं बोट शेजारच्या कुंदाकडे गेलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

आम्ही किल्ला बघून आलो, तोवर ती एकटी रुमालाने सीट पुसत होती. दहावीपर्यंत सगळा वर्ग तिला ‘ओकारी’ म्हणायचा. मीसुद्धा, सगळ्यांत मोठ्याने.

आज तीस वर्षांनी त्याच वर्गाची सहल निघाली आणि कुंदा नेमकी माझ्याच शेजारी येऊन बसली. मी माफीचे शब्द जुळवेपर्यंत घाट लागला.

तिने पर्समधून आवळासुपारी आणि एक रिकामी पिशवी काढली. कुणाला दिसणार नाही अशी माझ्या हातात सरकवली.

“घे,” ती हळूच म्हणाली. “तुला गाडी लागते ना.”