खडूचा आकडा

नेटवर्क नसलेल्या गावांचे नकाशे करण्यात माझा हात धरणारं कोलकात्यात कुणी नाही, हे मी अभिमानाने सांगते. सुट्टीच्या दिवशी मी खाडीपलीकडे जाते, प्रत्येक घरात किती माणसं राहतात ते मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये नोंदवते आणि नोंद झालेल्या दारावर खडूने त्या दिवसाच्या नोंदीचा क्रमांक घालते. आम्हा स्वयंसेवकांत मराठी आकडे घालणारी मी एकटीच. तीन वर्षांत माझी एकही नोंद चुकीची निघालेली नाही.

काल एकेचाळीस घरं केली. परतताना सियालदह स्टेशनात रेंज आली आणि साठलेल्या नोंदी आपोआप अपलोड झाल्या. बेचाळीस.

दिवेलागणीला न्यू टाउनला पोचले. आम्हा नवराबायकोच्या फ्लॅटच्या दारावर खडूने ४२ लिहिलं होतं. वळण माझंच होतं. बोट लावलं तर खडू ताजा होता.

मी मोबाइल उघडला. बेचाळिसावी नोंद माझ्याच नावावर होती, दुपारी दोनची. तेव्हा मी खाडीपलीकडे होते.

पत्ता आमचा. राहणारी माणसं: एक.

आतून क्षितिजची, माझ्या नवऱ्याची, हाक आली, "शकुन, आलीस का गं?"

मी किल्ली हातात धरून उभी राहिले. माझी नोंद कधीच चुकत नाही.